वजन, भार आणि ओझे: शब्द तीन, अर्थ एक की अनेक?

गोदातीर

नमस्कार. मी नाशिकरोड येथील एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या सासऱ्यांचे पंचवटीत किराणा मालाचे दुकान होते. ते बंद होऊन बरीच वर्षे लोटली, परंतु दुकानातली वजने एका लाकडी खोक्यात भरून माळ्यावर ठेवलेली होती आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती आमच्या हाती लागली. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंतची षट्कोनी लोखंडी वजने आहेत. प्रत्येकाच्या खळग्यात शिसे ओतलेले आहे आणि त्या शिशावर तपासणीचे ठसे इतक्या दाटीने उमटले आहेत की, नवे ठसे जुन्यांवर चढलेले दिसतात. खोक्याच्या तळाशी त्याहून जुनी, शेर, अच्छेर म्हणजे अर्धा शेर, आणि पावशेराची गोल वजने निघाली. सासूबाईंनी त्यांतले पावशेर उचलले, तळहातावर क्षणभर तोलले आणि "हे खरे आहे" एवढेच म्हटले.

ही वजने आमच्या शाळेच्या प्रदर्शनात मांडावयाची आहेत आणि प्रत्येक वस्तूशेजारी ठेवण्याची माहितीपत्रके लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या पत्रकावर "वजन म्हणजे" एवढे लिहिले आणि लेखणी थांबली. पारड्यात ठेवतो तो लोखंडाचा तुकडाही वजन, त्याने मोजला जातो तो गुळाचा जडपणाही वजन, वर्गातल्या मुलांचे दर सहा महिन्यांनी नोंदवतो तेही वजन, आणि गावात एखाद्याच्या शब्दाला असते तेही वजनच. याच्या जोडीला भार आहे, ओझे आहे, तोल आहे, जड आणि भारी ही विशेषणे आहेत. शब्दकोशात यांतील एकाचा अर्थ पाहावा तर तेथे दुसरा शब्द दिलेला असतो.

मी हे वर्गात बोलून दाखवले, तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले, "बाई, आपण कर्जाचे ओझे म्हणतो, कर्जाचा भार म्हणतो, मग कर्जाचे वजन का म्हणत नाही?" मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही आणि ते मला अजूनही सापडलेले नाही. "तसा प्रघात नाही" हे उत्तर मला तिला द्यावयाचे नाही. या तीन शब्दांच्या वापरामागे काही सूत्र आहे का, आणि असल्यास ते बारा वर्षांच्या मुलीला समजेल अशा शब्दांत कसे सांगावे?

द्राक्षमळा

ताई, आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आणि थोडा कांदा आहे. भाषेचा अभ्यास माझा नाही, परंतु वजन या शब्दाशी वर्षभर संबंध येतो, म्हणून जे पाहतो ते लिहितो.

बाजारात वजन कधीच एकट्या वस्तूचे नसते, ते नेहमी दोन गोष्टींमधले असते. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलो की, लिलाव झाल्यावर भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर उभी राहते आणि पहिला आकडा निघतो. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो, रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते आणि दुसरा आकडा निघतो. त्या दोन आकड्यांमध्ये जे उरते, ते कांद्याचे वजन. त्यावर क्विंटलचा भाव लागतो. ट्रॉलीत बसलेला मुलगा पहिल्या वेळी खाली उतरला नाही आणि दुसऱ्या वेळी उतरला, तर तोही कांद्याच्या भावाने विकला जातो. म्हणून काट्यावर गाडी उभी करताना माणसे आधी खाली उतरवतात.

जुन्या तागडीतही हेच होते. तेल घेण्यासाठी गिऱ्हाईक स्वतःचे भांडे आणत असे, तेव्हा दुकानदार आधी त्या भांड्याचा धडा करीत असे, म्हणजे रिकाम्या भांड्याइतके दगड किंवा वजने दुसऱ्या पारड्यात टाकून दांडी सरळ करून घेत असे, आणि त्यानंतरच तेल ओतले जाई. रिकामी तागडीच एका अंगाला कलत असेल, तर हलक्या बाजूला जो लहानसा तुकडा बांधतात तो पासंग. फारसीत संग म्हणजे दगड, जो आपल्या संगमरवर या शब्दातही आहे. "अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा की, त्याला वजन म्हणून पारड्यात घालण्याचा प्रश्नच नाही, तागडी सरळ करण्यासाठी बांधावयाच्या तुकड्याइतकेही त्याचे मोल नाही. तागडी डोळ्यांसमोर असल्याशिवाय ही म्हण पुरती समजत नाही, असे मला वाटते. आपण प्रदर्शनात तागडी टांगणार असाल तर पासंगही अवश्य दाखवावा.

आणखी एक गोष्ट, जी वजनाइतकीच महत्त्वाची आहे. आपण वजनमाप असा जोडशब्द वापरतो, परंतु वजन आणि माप या दोन स्वतंत्र रीती होत्या. गूळ, तूप, कापूस वजनावर जात असे. बाजरी, ज्वारी, गहू मापावर. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी ही धान्य भरून मोजण्याची कोष्टके होती आणि त्यातला शेर हा आपल्या खोक्यातल्या शेरापेक्षा वेगळा, कारण तो लोखंडाचा तुकडा नसून पोकळ भांडे होते. माझे आजोबा खळ्यात धान्य मोजताना पहिली पायली टाकताना "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत, आणि मग दोनपासून पुढे मोजत. नवी नवरी घरात येते तेव्हा उंबरठ्यावर मापच ठेवतात, वजन ठेवत नाहीत. माप भरलेपणाचे असते, वजन खरेखोटेपणाचे. बाजार समितीत वजन करणाऱ्या कामगाराला आजही मापाडीच म्हणतात आणि त्याच्या मजुरीला मात्र तोलाई, म्हणजे दोन्ही रीती शब्दांत एकत्र नांदत आहेत.

कर्जाबद्दल त्या मुलीने जे विचारले, त्याचे उत्तर मला शब्दांत मांडता येत नाही, परंतु एवढे नक्की सांगतो की, कर्ज काट्यावर चढत नाही.

प्रयोगवही

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आपले प्रदर्शन विज्ञानाचेही असणार असे गृहीत धरून एक मुद्दा मांडतो, कारण तो पत्रकावर चुकीचा गेला तर नववीत त्याच मुलांना तो विसरावा लागतो.

दुकानात आपण ज्याला वजन म्हणतो, त्याला पाठ्यपुस्तक वस्तुमान म्हणते. आणि पाठ्यपुस्तक ज्याला वजन म्हणते, ते म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने स्वतःकडे ओढते ते बल. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात, वजन न्यूटनमध्ये. साठ किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन पृथ्वीवर सुमारे 588 न्यूटन भरते. चंद्रावर त्याचे वस्तुमान साठ किलोग्रॅमच राहील, परंतु वजन जवळजवळ एक षष्ठांश होईल. चंद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. गुरुत्व त्वरण ध्रुवावर सुमारे 9.83 आणि विषुववृत्तावर सुमारे 9.78 मीटर प्रति वर्ग सेकंद असते. त्यामुळे ध्रुवावर बरोबर लावलेला ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, विषुववृत्तावर नेऊन त्याला 100 किलोची गोणी अडकवली, तर तो सुमारे साडेनव्व्याण्णव दाखवील.

आता यातली खरी सुंदर गोष्ट आपल्या खोक्याशी जोडलेली आहे. ताणकाटा बल मोजतो, म्हणून जागा बदलली की त्याचे उत्तर बदलते. दोन पारड्यांची तागडी मात्र दोन वस्तूंची एकमेकींशी तुलना करते. ओढ कमी झाली तर ती दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते आणि दांडी जिथल्या तिथे सरळ राहते. आपल्या सासऱ्यांची तागडी आणि पावशेर चंद्रावर नेले असते, तरी तेथेही गिऱ्हाइकाला पावशेर साखर पुरेपूर मिळाली असती. तुलना हा शब्दच तुला म्हणजे तराजू यावरून आलेला आहे, हे मी वर्गात या ठिकाणी नेहमी सांगतो. द्राक्षमळा यांनी "वजन दोन गोष्टींमधले असते" असे जे लिहिले आहे, ते तागडीच्या बाबतीत भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे.

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात दुसरे पारडे दिसत नाही, कारण आतला संवेदक दाबामुळे येणारी ताण-वाक मोजतो, म्हणजे बलच मोजतो. परंतु तो काटाही ज्ञात वजन ठेवून आधी लावून घ्यावा लागतो आणि ठरावीक मुदतीने त्याची पडताळणी करावी लागते, म्हणजे दुसरे पारडे नाहीसे झालेले नाही, ते फक्त आधीच्या दिवसावर गेले आहे. फार मागे जाऊन पाहिले, तर 1889 पासून जगाचा किलोग्रॅम हा पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोलच होता, आणि सगळी वजने अखेरीस त्याच्याशी तोलली जात होती. 20 मे 2019 पासून ती व्याख्या त्या दंडगोलावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर बांधण्यात आली आहे.

माझी विनंती एवढीच की, पत्रकावर "दुकानातील वजन" आणि "विज्ञानातील वजन" असा उल्लेख स्पष्ट असावा. व्यवहारातला वापर चूक आहे असे मात्र कृपया लिहू नये. तो वापर शास्त्राच्या व्याख्येपेक्षा कितीतरी जुना आहे. वजन हे बलाच्या जातीचे आहे, असे वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने औपचारिकपणे नोंदवले ते 1901 साली.

न्यायपथ

मी नाशिक येथे वकिली करतो. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या रोजच्या कामातील दोन शब्दप्रयोगांत दडलेले आहे, असे वरील दोन्ही प्रतिसाद वाचताना माझ्या ध्यानात आले.

न्यायालयात आम्ही "शाबितीचा भार" म्हणतो आणि "पुराव्याचे वजन" म्हणतो. या दोहोंची अदलाबदल कोणीही करीत नाही आणि केली तर अर्थच उलटतो. शाबितीचा भार म्हणजे एखादी गोष्ट सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे हे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 101 मध्ये हे तत्त्व होते आणि आता ते भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 104 मध्ये आहे. भार नेहमी कोणावर तरी असतो; वादीवर असतो, प्रतिवादीवर असतो, एकावरून दुसऱ्यावर सरकतो. "भार कोणावर?" हा प्रश्न मराठीत सहज उमटतो. पुराव्याच्या वजनाबद्दल मात्र "कोणावर?" असे कोणी विचारत नाही, तेथे प्रश्न असतो "किती?" आणि "कशाच्या तुलनेत?" एका बाजूची साक्ष पारड्यात ठेवली, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या पारड्यात ठेवली, आणि कोणते पारडे खाली गेले हे पाहिले. म्हणूनच साक्षीदार मोजले जात नाहीत, तोलले जातात, असे आमच्या व्यवसायात म्हणतात. एखादी गोष्ट शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची अमुक एक संख्या लागतेच असे नाही, हे जुन्या कायद्याच्या कलम 134 मध्ये स्पष्टच म्हटले होते.

यावरून मला जे सूत्र दिसते ते असे. वजन या शब्दाला दुसरे पारडे लागते, भार या शब्दाला खाली कोणीतरी लागते आणि ओझे या शब्दाला वाहणारा लागतो. छताचा भार तुळईवर असतो, पण तुळईला ओझे झाले असे आपण म्हणत नाही, कारण तुळई चालत नाही. तिला ते कोठे न्यावयाचे नसते. डोक्यावर घेतलेल्या लाकडाच्या मोळीचे ओझे होते, कारण ती घेऊन घरापर्यंत जावयाचे असते. कर्ज माणसावर असते, म्हणून कर्जाचा भार. ते घेऊन वर्षानुवर्षे चालावे लागते, म्हणून कर्जाचे ओझे. परंतु कर्ज कोणत्याही पारड्यात घालून दुसऱ्या कशाशी तोलले जात नाही, म्हणून कर्जाचे वजन नाही. द्राक्षमळा यांचे "कर्ज काट्यावर चढत नाही" हे वाक्य मी त्या मुलीला जसेच्या तसे सांगितले असते.

उपकाराचे ओझे होते, वजन होत नाही. शब्दाला वजन असते. शब्दाचे ओझे झाले तर तो दिलेला शब्द असतो, जो पाळेपर्यंत वागवावा लागतो. पदभार, कार्यभार, वीजबिलावरचा मंजूर भार, उन्हाळ्यातले भारनियमन, करावरचा अधिभार, या सर्व ठिकाणी "कोणावर?" हा प्रश्न लागू पडतो आणि म्हणून त्या शब्दांत वजन कोठेही आलेले नाही. शब्दांच्या मुळातही हे आहे. भार हा संस्कृत भृ धातूपासून आला, ज्याचा अर्थ धारण करणे, वाहणे. वजन अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थच तोलणे हा आहे. तराजूला अरबीत मीझान म्हणतात, तो शब्दही त्याच धातूचा.

वजनाच्या लाक्षणिक वापराची एक दुःखद बाजूही आहे, ती मुलांसमोर मांडावी की नाही हे आपण ठरवावे. "फायलीवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही" हे वाक्य मी माझ्या अशिलांच्या तोंडून ऐकतो, आणि प्रत्येक वेळी ते ऐकताना मला वाईट वाटते. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवावयाची वस्तू कागद पुढे सरकण्याची अट झाली. हा अर्थ आता इतका रुळला आहे की, एका वृद्ध शेतकऱ्याने मला अगदी सरळ भावाने विचारले होते, "साहेब, यावर किती वजन ठेवावे लागेल?" मी "काहीही नाही" असे म्हटल्यावर, आपले काम होणार नाही असे समजून तो निराश झाला.

सराफवाडा

आमच्या घरात चार पिढ्या सोन्याचांदीचा व्यवसाय आहे. थोडक्यात दोन गोष्टी नोंदवतो.

जुन्या कोष्टकात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. गुंज म्हणजे त्या वेलीचे लाल, काळ्या ठिपक्याचे बी. ते विषारी असते, म्हणून प्रदर्शनात ठेवणार असाल तर काचेखाली ठेवावे. 1939 च्या कायद्याने तोळा 180 ग्रेनांचा, शेर 80 तोळ्यांचा आणि मण 40 शेरांचा असे ठरवून दिले; त्या हिशेबाने तोळा 11.66 ग्रॅम, शेर सुमारे 933 ग्रॅम आणि मण सुमारे 37.32 किलो होतो. त्याआधी ठिकठिकाणचे शेर-मण वेगवेगळे होते. मुंबईचा जुना मण तर अवघा 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत होता. त्यामुळे आपल्या खोक्यातील जुन्या शेराचे आज वजन करून पाहावे आणि जो आकडा येईल तो पत्रकावर लिहावा. 933 च्या जवळ आला तर तो ऐंशी तोळ्यांचा शेर.

1956 च्या कायद्यानंतर 1958 च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 मध्ये ती सक्तीची झाली. तरीही आज दुकानात गिऱ्हाईक "तोळा" म्हणते, तेव्हा त्याच्या आणि आमच्या मनात दहा ग्रॅमच असतात. शब्द राहिला आणि त्याचे वजन बदलले. "प्रकृती तोळामासा झाली आहे" हे आजीच्या तोंडचे वाक्य मात्र अजून जुन्याच तोळ्याचे आहे. तोळ्यामाशाच्या फरकाने काटा हलावा, तशी तब्येत लहानशा कारणाने वर-खाली होते, असा त्याचा अर्थ आम्ही सराफ घेतो.

लघुगुरु

न्यायपथ यांचे सूत्र फार आवडले. वृत्तशास्त्राच्या बाजूने त्यात एक भर घालावीशी वाटते, कारण तेथे वजन आणि भार दोन्ही एका ओळीत दिसतात.

उर्दू आणि फारसी काव्यात ओळीच्या मापाला वजन म्हणतात आणि मराठीत गझल लिहिणारेही हा शब्द त्याच अर्थाने वापरतात. ओळ वजनात आहे की नाही हे ठरवताना ती एका ठरलेल्या साच्याशी अक्षरागणिक ताडून पाहतात, म्हणजे तेथेही दुसरे पारडे आहेच. आपल्याकडे त्याच कामासाठी लघु आणि गुरु हे शब्द आहेत, आणि गुरु या शब्दाचा मूळ अर्थच जड असा आहे. गुरुत्वाकर्षणात तोच अर्थ आहे, आणि शिक्षक या अर्थीचा गुरु म्हणजे ज्याच्या ठायी वजन आहे तो. हलके अक्षर एका मात्रेचे, जड अक्षर दोन मात्रांचे. भुजंगप्रयात वृत्ताच्या प्रत्येक चरणात चार वेळा एक लघु आणि दोन गुरु येतात. फारसीतला "फऊलुन" हा साचा चार वेळा म्हटला तर नेमके तेच माप मिळते. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. समर्थांनी ज्या टाकळीत बारा वर्षे तपश्चर्या केली, ती आपल्या नाशिकातच आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना ते श्लोक तोंडपाठ असतील. त्यांना टाळीवर ते म्हणावयास लावले, तर कोणते अक्षर हलके आणि कोणते जड हे पाटीवर न लिहिताही त्यांच्या कानाला कळेल.

आता भार. "सत्य" या शब्दातला "स" ऱ्हस्व आहे, तरीही तो गुरु धरतात, कारण पुढच्या जोडाक्षराचा भार त्याच्यावर पडतो. म्हणून पहा, जड होणे येथे स्वतःच्या अंगच्या गुणाने नाही, वरून पडणाऱ्या भाराने झाले आहे. उलट "तुझ्या" या शब्दात "झ्या" जोडाक्षर असूनही त्याचा आघात मागे पडत नाही, म्हणून "तु" हलकाच राहतो. हा फरक नियम पाठ करून येत नाही, उच्चारून येतो. "सत्य" हळूच म्हणून पाहावे. "स" वर जीभ किंचित थांबते ती जाणवते.

जड या विशेषणाचा स्वभाव मात्र वेगळा आहे. संस्कृतात जड म्हणजे निश्चेष्ट, चेतना नसलेले. जड आणि चेतन ही जोडी आपण आजही वापरतो. मराठीत त्याला वजनाचा अर्थ आला, तरी मूळचा सुन्नपणा गेला नाही. पाय जड झाले, डोळे जड झाले, जड अंतःकरणाने निरोप दिला, या ठिकाणी किलोंचा संबंध नाही, हालचाल मंदावल्याचा आहे. आणि भारी हे विशेषण तर भारातून निघून पार उलट टोकाला पोहोचले, भारी साडी म्हणजे मोलाची साडी, आणि आजची मुले आनंदाने "भारी!" म्हणतात, तेव्हा त्यात ओझ्याची पुसटशीही छाया उरलेली नसते.

प्रयोगवही

न्यायपथ यांच्या सूत्राला एक अडचण दाखवतो, ती खोडी काढण्यासाठी नव्हे तर सूत्र टिकावे म्हणून. माझ्या आईच्या पायाचे हाड मोडले होते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, "सहा आठवडे या पायावर वजन टाकू नका." येथे दुसरे पारडे कोठे आहे? खाली पाय आहे, वर शरीर आहे. सूत्राप्रमाणे हा भार व्हावयास हवा होता.

न्यायपथ

अडचण खरी आहे. माझ्या मते डॉक्टरांनी "पायावर भार देऊ नका" असे म्हटले असते तरी ते तितकेच स्वाभाविक वाटले असते, आणि आमच्या घरातील वडीलधारी माणसे तसेच म्हणतात. अंगाच्या बाबतीत हे दोन शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरलेले आहेत, हे मान्य करावे लागेल, कारण शरीर ही एकच वस्तू अशी आहे की, तिला आपण काट्यावरही उभे करतो आणि स्वतःच्याच पायांवर पेलतोही. लाक्षणिक अर्थाकडे वळलो की मात्र हद्द पुन्हा स्पष्ट होते. जबाबदारीचे वजन कोणी म्हणत नाही आणि मताला भार आहे असेही कोणी म्हणत नाही. माणूस आपले वजन खर्च करतो, आपला भार कोणावर तरी टाकतो आणि आपले ओझे उतरवून ठेवतो. ही तीन क्रियापदे आपापल्या जागा सोडत नाहीत.

गोदातीर

सर्वांची मनापासून आभारी आहे. सराफवाडा यांनी सुचवल्याप्रमाणे काल जुना शेर शाळेच्या प्रयोगशाळेतील काट्यावर ठेवला. आकडा 929 ग्रॅम आला. काठ झिजलेले आहेत, म्हणून तो ऐंशी तोळ्यांचा शेर असावा असे धरते आणि पत्रकावर आलेला आकडा आहे तसाच लिहिते.

आज वर्गात तागडी टांगली. तिची दांडी थोडी डावीकडे कलत होती, म्हणून उजव्या साखळीला तांब्याच्या तारेचा वेढा देऊन मुलांसमोरच पासंग बांधला. मग तीन गोष्टी करून घेतल्या. एका मुलाला पारड्यात वजन ठेवावयास सांगितले, दुसऱ्याला हात पुढे करून त्यावर पुस्तकांची चळत पेलावयास सांगितली आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला तीच चळत डोक्यावर घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यावयास सांगितले. ती परत आल्यावर मी काही समजावून सांगण्याआधीच तिने चळत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, तागडीतले वजन मला लागलेच नाही, त्याच्या हातावरचा भार मला दिसला, आणि हे ओझे मात्र माझे होते." पत्रकावर आता तिचेच वाक्य घेत आहे.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्ही प्रश्नपत्रिकेचा भारांश तक्ता करीत असू आणि गणितात भारित सरासरी शिकवली जाते. तेथे वजन का नाही, हा प्रश्न आता माझा मलाच पडला आहे. प्रत्येक घटकावर किती गुण टाकावयाचे हे त्यात ठरते, म्हणजे "कोणावर?" हा प्रश्न लागू पडतो, असे न्यायपथ यांच्या सूत्रावरून मला वाटते. चुकत असल्यास सांगावे.

द्राक्षमळा

ताई, भारांशाचे मला माहीत नाही, पण तारेच्या वेढ्याबद्दल एक सांगतो. वेढा सैल असेल तर पारडे हलताना तो साखळीवर घसरतो. साखळीच्या वरच्या कडीत तारेची गाठ घट्ट मारावी आणि प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, पारड्यात काही ठेवण्याआधी, दांडी पुन्हा एकदा पाहून घ्यावी.